शिक्षणशास्त्र आणि समाजकार्यातली पीएचडी: तिसऱ्या प्रकरणात नेमकं काय बिघडतं?

दगडीपाटी

शिक्षणशास्त्र काय किंवा समाजकार्य काय, प्रबंध रखडला की लोक म्हणतात लिहायला सवड मिळाली नाही. प्रबंध वाचायला घेतले की कारण वेगळंच दिसतं. घोटाळा तिसऱ्या प्रकरणात, संशोधन पद्धतीत असतो आणि तो सगळी माहिती गोळा करून झाल्यावर उघडा पडतो. तेव्हा परत क्षेत्रात जाणं शक्य नसतं.

आराखडा मंजूर करणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं, कारण त्यातला एकेक परिच्छेद सुटा वाचला तर खोट सापडत नाही. उद्दिष्टं नीट, नमुना पुरेसा, प्रश्नावली प्रमाणित, सांख्यिकी तंत्र पाठ्यपुस्तकातलं. सांधे तेवढे जुळलेले नसतात.

समजा विषय आहे ‘गृहभेटींचा मुलांच्या शालेय उपस्थितीवर होणारा परिणाम’ आणि साधन आहे गृहभेटी देणाऱ्या १५० कार्यकर्त्यांनी भरलेली प्रश्नावली. यातून कळेल ते कार्यकर्त्यांना काय वाटतं एवढंच. मुलांची उपस्थिती हजेरीपटात असते. परिणाम म्हणायचा तर भेटी सुरू होण्याआधीचा हजेरीपट हवा, आणि जिथे भेटी झाल्या नाहीत त्या घरांतल्या मुलांचाही हवा. विषय ‘गृहभेटी आणि उपस्थिती: कार्यकर्त्यांची मतं’ असा केला तर हाच आराखडा सरळ उभा राहतो. साधन तेच, नमुना तोच, दावा आवाक्यात आला.

म्हणून आराखड्याची पहिली ओळ लिहिण्याआधी पाच रकान्यांचा तक्ता करावा. संशोधन प्रश्न; तो कोणाबद्दल आहे, म्हणजे विश्लेषणाचं एकक कोणतं (मूल, वर्ग, शाळा, कुटुंब, संस्था); माहिती कोणाकडून आणि कशाने मिळणार; विश्लेषण कसं होणार; आणि शेवटी कोणतं वाक्य ठामपणे लिहिता येईल. प्रत्येक प्रश्नाला एक आडवी ओळ. पाचवा रकाना आधी भरावा आणि मग उलट मागे यावं, फट तिथेच सापडते. ज्या प्रश्नाची ओळ पूर्ण भरत नाही तो गाळावा. तीन प्रश्न पुरतात. आठ-नऊ उद्दिष्टं असलेल्या आराखड्यात निम्म्यांना माहितीचा आधारच नसतो.

जाता जाता एक शब्दांचा गोंधळ. परिकल्पना तपासायची असते, गृहीतक धरून चालायचं असतं. मराठी प्रबंधांत दोन्हींना सर्रास ‘गृहीतके’ म्हटलं जातं आणि मग परीक्षक विचारतात, गृहीत धरलंत तर तपासलंत कशाला?

नमुना, साधनं, प्रयोग, मुलाखती, नैतिकता यांवर ज्यांचा हात बसला आहे त्यांनी लिहावं. अनुभवकथनापेक्षा नेमकी पद्धत, आकडे आणि चुकण्याची कारणं आली तर धागा उपयोगी पडेल.

---

मोजपट्टी

नमुन्यापासून सुरुवात करतो, कारण इथे एकच आकडा सगळीकडे फिरतो: ३८४.

हा आकडा क्रेज्सी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो. त्यामागचं गणित १.९६ × १.९६ × ०.५ × ०.५ ÷ (०.०५ × ०.०५) = ३८४.१६ इतकं साधं आहे. अर्थ असा: फार मोठ्या लोकसंख्येतून साध्या यादृच्छिक पद्धतीने निवड केली आणि एखादं प्रमाण, म्हणजे टक्केवारी, ९५ टक्के विश्वासपातळीवर ५ टक्के कमी-जास्तीने काढायची असली तर ३८४ जण लागतात. यातली एक जरी अट बदलली तरी आकडा लागू नाही. सहेतुक, म्हणजे स्वतः ठरवून निवडलेला, नमुना घेऊन ३८४ भरणं निरर्थक आहे. दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची असेल तर वेगळं गणित लागतं, त्यात अपेक्षित परिणामाचा आकार आणि चाचणीची शक्ती (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता, प्रथेने ०.८०) घालावी लागते.

शिक्षणातली मोठी चूक याच्याही पुढची आहे. आपण मुलं निवडत नाही, शाळा निवडतो आणि त्यातली मुलं घेतो. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: शिक्षक एक, परिसर एक. हे सारखेपण अंतर्गत सहसंबंध गुणांकाने, आयसीसीने मोजतात. शालेय संपादणुकीत तो ०.१० ते ०.२५ असणं नेहमीचं आहे. नमुन्याची खरी ताकद काढायला भाजक असा:

१ + (प्रत्येक शाळेतली मुलं − १) × आयसीसी

२० शाळा, प्रत्येकी ३० मुलं, एकूण ६००. आयसीसी ०.१५ धरला तर भाजक १ + २९ × ०.१५ = ५.३५. ६०० ÷ ५.३५ म्हणजे सुमारे ११२. कागदावर ६०० मुलं, माहिती ११२ स्वतंत्र मुलांइतकी. हे न पाहता साधी टी-चाचणी (दोन सरासरींची तुलना) लावली की पी-मूल्य (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) खोटं लहान येतं आणि नसलेले फरक ‘लक्षणीय’ ठरतात.

समाजकार्यात शाळेच्या जागी संस्था, वस्ती किंवा कार्यकर्ता येतो. एका कार्यकर्त्याकडचे १५ सेवार्थी हे १५ स्वतंत्र निरीक्षणं नसतात.

---

नोंदवही

मोजपट्टी, परवानगी ८ शाळांचीच मिळत असेल तर प्रत्येक शाळेतून जास्त मुलं घेऊन भरपाई होते का?

---

मोजपट्टी

फार थोडी. ८ शाळा × ३० मुलं = २४०, भाजक ५.३५, उरले ४५. त्याच ८ शाळांतून प्रत्येकी १५ घेतली तर १२०, भाजक ३.१, उरले ३९. मुलं दुप्पट केली आणि हाती सहा आली. त्याउलट १६ शाळा × १५ मुलं, म्हणजे तेवढीच २४०, पण उरतात ७७. कष्ट शाळा वाढवण्यावर खर्च करावेत, मुलं वाढवण्यावर नाही.

शाळा वाढणं अशक्यच असेल तर दोन वाटा. पूर्वचाचणीचे गुण सहचल (तुलनेत हिशेबात धरायचा जोडीचा घटक) म्हणून घेतले की शाळांमधला बराच फरक त्यातच शोषला जातो आणि चाचणीची शक्ती सुधारते. किंवा प्रश्नच बदलावा. ८ शाळांचा खोलवर तुलनात्मक व्यक्ती-अभ्यास हा सशक्त प्रबंध होऊ शकतो. ८ शाळांवरून अख्ख्या प्रदेशातल्या शाळांबद्दलचा दावा होऊ शकत नाही.

---

पाणंद

प्रायोगिक प्रबंधांबद्दल. शिक्षणशास्त्रात सर्वांत जास्त दिसणारा आराखडा म्हणजे ‘अ’ तुकडी प्रायोगिक गट, ‘ब’ तुकडी नियंत्रित गट, मध्ये सहा आठवड्यांचा अध्यापन कार्यक्रम, आधी-नंतर चाचणी. मोजपट्टींचं गणित इथे टोकाला जातं: प्रत्येक बाजूला एकच तुकडी आहे. फरक आला तर तो नव्या अध्यापनाचा, की त्या तुकडीच्या शिक्षिकेचा, की पहिल्या तासाला पाठ झाल्याचा, हे वेगळं काढायचा कोणताही मार्ग नाही. सहप्रसरण विश्लेषण (आधीचे गुण हिशेबात धरून केलेली तुलना) मुलांमधला आधीचा फरक सावरतं, तुकडी एकच असल्याचा दोष सावरत नाही. बरं, प्रायोगिक तुकडीला संशोधक स्वतः शिकवतो आणि चाचणीही त्यानेच त्या पाठांवरून तयार केलेली असते. मग गुण वाढले नसते तरच नवल.

पर्याय आहेत:

पहिला, दोन्ही बाजूंना किमान चार-पाच तुकड्या आणि कोणती तुकडी कुठल्या बाजूला हे चिठ्ठी टाकून ठरवणं. काम वाढतं, पण निष्कर्ष टिकतो.

दुसरा, मुलं मोजकी असतील तर एकल-व्यक्ती आराखडा. वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी किंवा समाजकार्यातल्या व्यक्तिसहाय्य कार्यासाठी हा फार चपखल बसतो आणि तरी आपल्याकडे क्वचित वापरला जातो. किमान तीन व्यक्ती, प्रत्येकीची आधाररेषा (हस्तक्षेपाआधीची मोजमापं) वेगवेगळ्या लांबीची, प्रत्येक टप्प्यात किमान पाच मोजमापं. पहिल्या मुलाचा हस्तक्षेप सहाव्या मोजमापानंतर सुरू, दुसऱ्याचा नवव्या, तिसऱ्याचा बाराव्या. प्रत्येकाचा आलेख नेमका स्वतःच्या हस्तक्षेपापाशीच वळला तर बाहेरचं कारण सांगणं अवघड जातं. आधाररेषा आधीच वर चाललेली असेल तर हस्तक्षेप सुरू करू नये, थांबावं. घाई केली की सगळा आलेख वाया.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे राबवला गेला का, याची नोंद तर बहुतेक प्रबंधांत नसतेच. प्रत्येक सत्राची दहा-बारा मुद्द्यांची पडताळा सूची करावी आणि निदान २० टक्के सत्रं दुसऱ्या माणसाने बसून तपासावीत. परिणाम दिसला नाही तर कार्यक्रम कुचकामी होता की तो नीट झालाच नव्हता, हे सांगायला एवढाच आधार उरतो.

---

काठावरचा

पाणंद, यात समाजकार्याची आणखी एक अडचण जोडतो. आपण मदतीला घेतो ती सर्वांत जास्त त्रासातली माणसं. चाचणीत टोकाचे गुण असलेल्यांना निवडलं की ते पुढच्या मोजमापात आपोआप सरासरीकडे सरकतात.

आकड्यात सांगायचं तर, एखाद्या श्रेणीची, म्हणजे गुण देणाऱ्या विधानसंचाची, सरासरी ५०, पुनर्चाचणी विश्वसनीयता (तीच चाचणी परत घेतल्यावर गुण किती जुळतात) ०.७०. सरासरी ३० गुण असलेला गट निवडला. काहीही न करता पुढच्या वेळी अपेक्षित सरासरी ५० − ०.७० × २० = ३६. सहा गुणांची सुधारणा फुकट मिळाली आणि प्रबंधात ती समुपदेशनाच्या नावावर जमा झाली. तुलनागट का हवा, याचं याहून स्वच्छ उत्तर नाही. निदान निवडीची चाचणी वेगळी आणि आधाररेषेची वेगळी, असं दोनदा मोजमाप करावं म्हणजे बरंचसं सरकणं हस्तक्षेपाआधीच घडून जातं.

---

उंबरठा

तुलनागट हवा हे मान्य, पण गरजू माणसाला संशोधनासाठी सेवेविना ठेवणं चुकीचं आहे, आणि ते आराखड्यातच सोडवावं लागतं. प्रतीक्षा यादीचा गट हा त्यावरचा चांगला तोडगा: सगळ्यांना सेवा मिळते, अर्ध्यांना आठ आठवडे उशिरा. तीव्र धोक्यातली माणसं (आत्महत्येचे विचार, घरातली हिंसा) चिठ्ठीत घालायचीच नाहीत, त्यांना थेट सेवा द्यायची आणि अभ्यासाबाहेर ठेवायचं. दुसरा तोडगा म्हणजे नेहमीची सेवा विरुद्ध नेहमीची सेवा अधिक नवा कार्यक्रम.

---

अबोली

साधनांवर लिहिते. इंग्रजीतली प्रमाणित श्रेणी मराठीत आणताना एकाच माणसाकडून भाषांतर करून घेऊन ‘तज्ज्ञांनी तपासले’ असं लिहिलेलं असतं. हे पुरेसं नाही. क्रम असा असावा: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करणं, त्यातला एक विषय जाणणारा आणि एक नसणारा, दोन्हींचा मेळ, मूळ श्रेणी न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, समितीची बैठक, मग प्रत्यक्ष ३० ते ४० जणांवर तपासणी. श्रेणीकर्त्याची परवानगी या सगळ्याच्या आधी.

उलट भाषांतर जुळलं म्हणजे काम झालं, असं मानू नये. शब्दशः भाषांतर उलटही शब्दशः होतं आणि मराठी वाक्य मात्र कुणी कधी बोलत नाही असं राहतं. म्हणून आठ-दहा जणांबरोबर प्रत्येक विधान मोठ्याने वाचून विचारायचं, ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा.’ इथे खरे घोळ बाहेर येतात.

आपल्या भाषेतले नेहमीचे तीन:

‘आपण’. ‘घरातले निर्णय आपण घेता का?’ इथपर्यंत ठीक. पण ‘घरातले निर्णय आपण घेतो’ या विधानात ‘आपण’ म्हणजे बोलणारी एकटी की सगळं घर? स्त्रियांच्या निर्णयस्वातंत्र्याची श्रेणी या एका शब्दावर कोसळते. ‘मी’ लिहावं.

नकारावर नकार. ‘मला शाळेत जावंसं वाटत नाही असं कधी होत नाही’ याला सहमत म्हणायचं की असहमत, हे मोठ्यांनाही पटकन ठरवता येत नाही. मुलांच्या साधनात नकारार्थी विधानं टाळलेलीच बरी.

जोडविधान. ‘शिक्षक माझं ऐकतात आणि मला मदत करतात.’ ऐकतात पण मदत करत नाहीत, असं असेल त्याने कुठे खूण करावी?

शब्दांची पातळीही बघावी. ‘मानसिक ताण’ वाचून जे उमटत नाही ते ‘टेन्शन’ म्हटल्यावर लगेच उमटतं. प्रबंधाची भाषा आणि प्रश्नावलीची भाषा एक असायची गरज नाही.

---

तळटीप

अबोली यांच्या प्रतिसादाला जोडून, आशय-सप्रमाणतेचं, म्हणजे विधानं विषयाला धरून आहेत का याचं, गणित. लॉशे यांनी १९७५ मध्ये दिलेलं गुणोत्तर वापरायला सोपं आहे: ‘आवश्यक’ म्हणणाऱ्या तज्ज्ञांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करायची आणि निम्म्या संख्येने भागायचं. १० तज्ज्ञांपैकी ९ जण ‘आवश्यक’ म्हणाले तर (९ − ५) ÷ ५ = ०.८०. आठ म्हणाले तर ०.६०. लॉशेंच्या तक्त्यात १० तज्ज्ञांसाठी किमान ०.६२ आहे, म्हणजे आठांची संमती असलेलं विधान गळतं. हे माहीत नसल्यामुळे ‘८० टक्के तज्ज्ञांनी मान्यता दिली’ म्हणून ठेवलेली विधानं प्रबंधात भरपूर दिसतात.

तज्ज्ञ कोण, हेही लिहा. दहा प्राध्यापक गोळा करण्यापेक्षा सहा प्राध्यापक, दोन क्षेत्रातले कार्यकर्ते आणि ज्यांच्यासाठी साधन आहे त्यांच्यातले दोघे हा संच कितीतरी चांगला.

क्रोनबाख यांचा अल्फा (१९५१; श्रेणीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७० च्या वर आला की साधन विश्वसनीय, हा समजही अर्धवट आहे. विधानं वाढवली की अल्फा वाढतो. ०.६० अल्फाची श्रेणी तशाच विधानांनी दुप्पट लांब केली तर अल्फा ०.७५ होतो, एकेका विधानाचा दर्जा मात्र आहे तिथेच. साठ विधानांच्या श्रेणीत अल्फा ०.९० येणं ही कौतुकाची गोष्ट नाही. शिवाय अल्फा अंतर्गत सुसंगती सांगतो, श्रेणी एकच गोष्ट मोजते की तीन, हे सांगत नाही. त्यासाठी घटक विश्लेषण लागतं. उपश्रेणी असतील तर प्रत्येकीचा अल्फा वेगळा द्यावा.

अल्फा अचानक फार कमी किंवा ऋण आला तर आधी एक गोष्ट तपासा: उलट विधानांचे गुण फिरवले आहेत का. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

---

नोंदवही

मुलाखतींवरही कुणीतरी लिहा. किती मुलाखती पुरतात, याला परीक्षक हटकून अडवतात.

---

वाळवण

‘संपृक्तता येईपर्यंत’, म्हणजे नवं काही मिळेनासं होईपर्यंत, हे उत्तर दिलं जातं, पण त्यामागचा विचार विसरून. ही कल्पना ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडली ती सिद्धांत उभारणीच्या संदर्भात. तिथे मुलाखत आणि विश्लेषण बरोबर चालतं, एका मुलाखतीतून जे सुचलं त्यावरून पुढचा माणूस निवडला जातो. सगळ्या ३० मुलाखती आधी घेऊन, सहा महिन्यांनी सांकेतिकरण (उताऱ्यांना अर्थाची छोटी नावं, म्हणजे संकेत, देणं) सुरू करणाऱ्याला संपृक्तता आली असं म्हणायचा आधार नसतो.

‘१२ मुलाखती पुरतात’ हा आकडा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या लेखातून आला आहे. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या आणि बहुतेक संकेत पहिल्या बारांतच येऊन गेले असं दाखवलं. पण गट एकजिनसी होता आणि प्रश्न सर्वांना जवळपास सारखेच होते. आपल्या नमुन्यात शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक असे तीन गट असतील तर हा हिशेब प्रत्येक गटाला वेगळा लागतो.

वेळेचा अंदाज हटकून चुकतो, म्हणून तोही देते. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला शब्दशः लिहून काढायला पाच-सहा तास लागतात. गटचर्चेला त्याहून जास्त, कारण कोण बोललं हे ओळखायला परत परत ऐकावं लागतं. ५० मिनिटांच्या २० मुलाखती म्हणजे सुमारे १७ तास मुद्रण आणि ८५ ते १०० तास लेखन. इंग्रजी प्रबंध असेल तरी विश्लेषण मराठी मजकुरावर करावं आणि प्रबंधात घ्यायच्या अवतरणांचंच भाषांतर करावं. आधी सगळं भाषांतर करून मग संकेत लावले की माणसाच्या बोलण्यातला वळसा, टोमणा, अर्धवट सोडलेलं वाक्य सगळं हरवतं, आणि नेमकं त्यातच सांगायचं असलेलं असतं.

ब्राउन आणि क्लार्क यांची २००६ मधली सहा टप्प्यांची पद्धत बहुतेक जण नावाने वापरतात: मजकुराशी ओळख, संकेत, आशयसूत्रांचा (संकेतांतून उभ्या राहणाऱ्या अर्थसूत्रांचा) शोध, त्यांची तपासणी, नामकरण, लेखन. सर्वांत मोठी चूक म्हणजे मुलाखतीचे प्रश्नच आशयसूत्रं म्हणून छापणं. ‘अडचणी’, ‘उपाय’, ‘अपेक्षा’ ही आशयसूत्रं नाहीत, ही प्रश्नावलीची शीर्षकं आहेत. ‘मदत मागणं म्हणजे पालक म्हणून हरणं’ हे आशयसूत्र, कारण त्यात काहीतरी म्हटलेलं आहे. नाव वाचून पूर्ण वाक्य होत नसेल तर अजून काम बाकी आहे.

---

तळटीप

वाळवण, यात दोन संकेतकांची (संकेत लावणाऱ्यांची) सहमती घ्यावी हेही जोडा. आणि नुसती टक्केवारी नको, कोहेन यांचा कप्पा (योगायोगाची सहमती वजा करून काढलेला आकडा) द्यावा. १०० उताऱ्यांपैकी ८५ वर एकमत झालं, पण योगायोगानेच ७० वर झालं असतं, तर कप्पा (०.८५ − ०.७०) ÷ (१ − ०.७०) = ०.५०. ८५ टक्के ऐकायला भारी वाटतं, ०.५० मध्यमच आहे.

---

वाळवण

इथे मी सहमत नाही. आशय विश्लेषण करत असाल, ठरलेल्या संकेतसूचीने उतारे मोजत असाल तर कप्पा हवाच. पण ब्राउन आणि क्लार्क यांच्या चिंतनशील पद्धतीत संशोधकाचं वाचन हाच विश्लेषणाचा भाग असतो. दोघांचे संकेत जुळले की ते खरे, हे त्या पद्धतीचं तत्त्वच नाही आणि त्या दोघींनी नंतरच्या लेखनात हे स्पष्ट केलं आहे. त्यांचं नाव घ्यायचं आणि खाली कप्पा छापायचा, म्हणजे दोन वेगळ्या विचारांना एका दावणीला बांधणं. तिथे विश्वासार्हता दाखवायची ती निर्णयांच्या रोजनिशीने: कोणता संकेत कधी फोडला, कोणता कशात मिसळला, का, विरोधात जाणाऱ्या उताऱ्यांचं काय केलं, आणि संशोधकाची स्वतःची भूमिका काय होती.

---

तळटीप

मान्य. पद्धत कोणती हे आधी लिहिलं की हा प्रश्न उरत नाही. परीक्षकाने कप्पा मागितलाच तर हेच कारण द्यावं.

---

मोजपट्टी

चौथ्या प्रकरणातली एक गोष्ट राहिली. लिंग, माध्यम, ग्रामीण-शहरी, पालकांचं शिक्षण, शाळेचा प्रकार असे पाच चल आणि चार उपश्रेणी. झाल्या २० तुलना, २० शून्य परिकल्पना (‘फरक नाही’ असं मांडणाऱ्या). ०.०५ पातळीवर आणि तुलना एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर कुठेच फरक नसतानाही निदान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के (१ − ०.९५ चा विसावा घात). मग त्या एका निष्कर्षावर चर्चेची दहा पानं लिहिली जातात. मुख्य तुलना दोन-तीनच ठरवून आराखड्यात आधी लिहाव्यात, बाकीच्यांना ‘शोधात्मक’ म्हणावं. परिणामाचा आकार आणि विश्वास-अंतर (खरा आकडा ज्या दोन टोकांत असावा ती टोकं) द्यावं. केवळ पी-मूल्यावर प्रकरण उभं करू नये.

गळती लपवू नये. १२० जणांपासून सुरुवात करून ८४ उरले म्हणजे ३० टक्के गळती. गेलेल्या ३६ जणांचे पहिल्या मोजमापाचे गुण उरलेल्यांशी ताडून दाखवा. समाजकार्यात सर्वांत अडचणीतली माणसंच आधी गळतात, त्यामुळे उरलेल्यांची सुधारलेली सरासरी फसवी असते.

---

उंबरठा

आता नैतिकतेबद्दल, जे बहुतेक प्रबंधांत अर्ध्या पानात उरकलेलं असतं.

संस्थेची परवानगी म्हणजे व्यक्तीची संमती नव्हे. मुख्याध्यापकांनी किंवा संस्थाचालकांनी सही दिली तरी प्रत्येक सहभागीला विचारावंच लागतं. मूल असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. पालक हो म्हणाले आणि मूल गप्प राहिलं तर तो नकार समजावा. आणि सहभागी निवडण्याचं काम संस्थेवर सोडू नये. संस्था समाधानी, छान बोलणारी माणसं पुढे करते, आणि कोण बोललं हे तिला कळतं ते वेगळंच.

शिक्षकाने स्वतःच्या विद्यार्थ्यांवर किंवा कार्यकर्त्याने स्वतःच्या सेवार्थींवर संशोधन केलं तर ‘नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. संमती तिसऱ्या व्यक्तीने घ्यावी, आणि कोणी होकार दिला हे संशोधकाला गुणपत्रकं लागेपर्यंत किंवा केस बंद होईपर्यंत कळू नये.

गोपनीयतेचं सरसकट आश्वासन देऊ नका. मुलाखतीत मुलावरच्या अत्याचाराची माहिती आली तर ती कळवण्याची कायदेशीर जबाबदारी येऊ शकते. ही मर्यादा संमतीपत्रात आणि मुलाखतीच्या सुरुवातीला तोंडी, साध्या शब्दांत सांगावी. ऐकून झाल्यावर सांगणं म्हणजे विश्वासघात. तसंच मुलाखतीत कुणी कोसळलं तर काय करायचं, हे लिहून ठेवावं: कोणत्या खुणांवर थांबायचं, मुद्रण कधी बंद करायचं, कोणाकडे पाठवायचं. त्या सेवेशी आधी बोलणं झालेलं असावं. नुसता फोन नंबर हाती देणं पुरत नाही.

नाव बदललं की ओळख लपते, हा भ्रम आहे. ‘आदिवासी मुलींच्या निवासी शाळेतल्या ५२ वर्षांच्या मुख्याध्यापिका’ एवढं वाचून त्या परिसरातला कुणीही बोट दाखवेल. वय पट्ट्यात द्यावं, पद सैल करावं, आणि गरज पडली तर एका व्यक्तीची दोन अवतरणं दोन वेगळ्या खुणांनी छापावीत, म्हणजे ती जोडता येत नाहीत.

---

पाणंद

उंबरठा यांचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. प्रबंध आता ऑनलाइन भांडारात कुणालाही वाचता येतात, त्यामुळे आणखीच.

शिफारशींच्या प्रकरणाबद्दल थोडं. समाजकार्याच्या प्रबंधात बदलाची तळमळ असणं योग्यच, पण शासनाने अमुक करावं, समाजाने तमुक करावं अशा २५ शिफारशींपैकी किती या माहितीतून निघाल्या? प्रत्येक शिफारशीपुढे कंसात निष्कर्षाचा क्रमांक लिहून बघावा. ज्याला क्रमांक मिळत नाही ती काढावी. आणि ‘शासनाने’ म्हणजे कोणत्या पातळीवरच्या कोणी, हे लिहावं. पाच नेमक्या शिफारशी कुणीतरी अमलात आणू शकतं.

---

अबोली

पथदर्शी अभ्यासाला (मुख्य कामाआधीच्या छोट्या चाचणीला) वेळ ठेवा, ही माझी कळकळीची सूचना. त्यात साधनच नव्हे, सगळी वाट तपासायची: परवानगीचं पत्र कोणाच्या टेबलावर अडतं, प्रश्नावली भरायला २० मिनिटं लागतात की ५०, कोणत्या पानावर मुलं कंटाळून सलग एकाच रकान्यात खुणा करतात. त्यातली माणसं मुख्य नमुन्यात धरू नयेत. शाळेत जाता येतं तो काळ परीक्षा, सुट्ट्या, कार्यक्रम वजा केले की वर्षातून मोजके आठवडे उरतो. त्यामुळे परवानगीचे अर्ज साधन पूर्ण व्हायच्या आधीच पाठवावे लागतात, पण नैतिकता समितीची मान्यता आल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही.

---

नोंदवही

एक शेवटचा प्रश्न. ‘कधीही माघार घेता येईल’ असं संमतीपत्रात लिहितात. प्रबंध सादर झाल्यावर कुणी माघार घेतली तर?

---

उंबरठा

म्हणूनच ‘कधीही’ लिहू नये. मुलाखत चालू असताना केव्हाही थांबता येईल, हे एक वाक्य. दिलेली माहिती काढून घ्यायची मुदत, हे दुसरं. ती तारखेने लिहावी, उदाहरणार्थ लिखित प्रत हाती दिल्यापासून चार आठवडे. तोपर्यंत नावं आणि संकेतांक जोडणारी यादी कुलूपबंद ठेवायची, मजकुराच्या संगणकावर नाही. मुदत संपून ती यादी नष्ट केली की कोणता मजकूर कोणाचा हे संशोधकालाही शोधता येऊ नये, आणि हेही सहभागीला सही करण्याआधी माहीत असावं. गटचर्चेसाठी वेगळं संमतीपत्र लागतं, कारण तिथे एकाचं बोलणं काढलं की दुसऱ्यांच्या उत्तरांचा अर्थ लागत नाही. तिथे स्पष्ट लिहावं की चर्चेतून उठून जाता येईल, पण तोवरचं बोलणं राहील.